पिवळ्या मोझॅकची वंशावळ

समर्थक : मादागास्कर बेटावरच्या भातात शिरलेल्या एका विषाणूचा प्रवास संशोधकांनी ज्या रीतीने उलगडला, ती रीत वऱ्हाडातील सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकला लावून पाहणे अगत्याचे आहे. भाताची पाने पिवळट, ठिपकेदार करणारा हा विषाणू १९६६ साली केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी प्रथम नजरेस आला. पाने कुरतडणारे भुंगेरे, रोपे लावणारे हात आणि बांधावर चरणारी गुरे या सर्वांमार्फत तो पसरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९८९ पासून बेटाच्या बहुतेक भागांतून गोळा केलेल्या ९४ नमुन्यांची जनुकीय अक्षरे वाचून त्यांची वंशावळ मांडण्यात आली. विषाणू स्वतःची प्रत काढताना चुकतो, त्या चुका पुढच्या पिढीत उतरतात, आणि चुकांचा सरासरी वेग ठाऊक असला की दोन नमुन्यांतील फरकावरून त्यांचा समाईक पूर्वज किती वर्षांपूर्वीचा हे काढता येते. या हिशेबाला रेण्वीय घड्याळ म्हणतात. त्यातून असे निघाले की बेटावरचे नमुने एकाच उपप्रकाराचे आहेत, तो उपप्रकार बहुधा आफ्रिकेच्या अगदी पूर्वेकडील भागातून बेटावर आला आणि तीन-चार दशकांत शेकडो किलोमीटर दक्षिणेकडे सरकला. अमरावती-अकोल्यात सोयाबीन पिवळे पडते तेव्हा फवारणीची आणि भरपाईची चर्चा होते, विषाणू कोणत्या वाटेने आला याची होत नाही, आणि ती होत नाही तोवर दर हंगामात उपायांची सुरुवात पुन्हा पहिल्या पायरीपासूनच करावी लागते.

शंकाकार : बेटाचा दाखला वऱ्हाडात आणला की त्यातला बेटपणाच गळून पडतो. मादागास्करला चहूकडे समुद्र आहे, त्यामुळे विषाणू आत येणे ही विरळा आणि म्हणूनच मोजता येण्याजोगी घटना ठरते. वऱ्हाडाच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा असल्या तरी मधले पूर्णेचे खोरे मोकळे आहे, राज्यात सोयाबीनचा पेरा सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरलेला आहे, आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढरी माशी वाऱ्याबरोबर तालुक्याची हद्द सहज ओलांडते. त्याहून मोठी अडचण घटनांच्या क्रमाची आहे. बेटावर भात शतकानुशतके होता आणि विषाणू मागाहून आला. वऱ्हाडात मात्र विषाणूला लागणारे मूग-उडीद पिढ्यानपिढ्या होते आणि सोयाबीन मागाहून आले. मुगावरचा पिवळा मोझॅक, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात, त्याचे शास्त्रीय वर्णन दिल्लीहून १९६० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर कपाशी, ज्वारी, तूर आणि मूग-उडीद अशी घडी होती. पिवळ्या दाण्याचे सोयाबीन १९६०च्या दशकात अमेरिकेतून पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत आले, मध्य प्रदेशात रुजले, आणि १९९४ साली प्रसारित झालेल्या जेएस ३३५ या वाणाच्या जोरावर विदर्भात ज्वारी आणि मूग-उडदाची जागा घेत गेले. ज्या रोगात पीकच पाहुणे आहे, त्या रोगाच्या विषाणूची आगमनतिथी शोधून काय हाती लागणार?

समर्थक : हा आक्षेप वजनदार आहे आणि आगमनतिथीचा आग्रह त्यापुढे सोडून द्यावा लागतो. मात्र पीक विषाणूच्या दारी गेले असे मानले की वंशावळीला विचारायचे प्रश्न अधिक टोकदार होतात. पिवळा मोझॅक हे नाव एक असले तरी त्यामागे विषाणू निदान दोन आहेत, एक मूग पिवळा मोझॅक विषाणू आणि दुसरा त्याचाच भाऊबंद, ज्याच्या नावात शेवटी ‘इंडिया’ हा शब्द जोडलेला असतो. दोन्ही बेगोमोव्हायरस या गटातले, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारे आणि ज्यांचे कण दोन-दोन जुळलेले दिसतात असे विषाणू. त्यांचा जनुकसंच डीएनएच्या दोन वर्तुळांत विभागलेला असतो, प्रत्येक वर्तुळात सुमारे २,७०० अक्षरे. डीएनए-ए हे वर्तुळ प्रत काढण्याचे आणि कणाचे आवरण तयार करण्याचे काम पाहते, तर डीएनए-बी विषाणूला पेशीतून पेशीत नेते. दोन नमुन्यांच्या डीएनए-ए मधील अक्षरे ९१ टक्क्यांहून कमी जुळली तर ते दोन वेगळे विषाणू धरायचे, असा वर्गीकरणाचा दंडक आहे. यातला ‘इंडिया’वाला विषाणू ढोबळमानाने उत्तर, पूर्व आणि मध्य भारतात अधिक आढळतो, दुसरा दक्षिण आणि पश्चिम भारतात, आणि महाराष्ट्र नेमका या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर येतो. एकाच झाडात दोन्ही शिरले तर वर्तुळांची अदलाबदल होऊ शकते, आणि ही कल्पना हवेतली नाही, कारण तमिळनाडूतील उडदावरच्या काही नमुन्यांत एका विषाणूचा डीएनए-ए आणि दुसऱ्याच्या अगदी जवळचा डीएनए-बी अशी जोडी सापडलेली आहे. सोयाबीनने या दोघांना लाखो हेक्टरांचे सलग रान खुले करून दिले, तेव्हा त्या रानात कोण कोणाशी मिसळते आहे, हे पाहणे अभ्यासकांच्या हौसेपुरते उरत नाही.

शंकाकार : लाखो हेक्टरांचे सलग रान खुले करून दिले, असे आपणच म्हणता, आणि रोगाचे कारण तेवढ्यातच येऊन जाते. एकच पीक, त्यातही पिवळ्या मोझॅकला सहज बळी पडणारे मोजके वाण, आणि त्यावर पावसाचा खंड, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की रोग उसळण्यासाठी विषाणूने नवे रूप घेण्याची गरजच राहत नाही. २०२३चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्याच हंगामात विदर्भात पिवळ्या मोझॅकने हाहाकार माजवला. जोरदार पाऊस पांढऱ्या माशीला झोडपून काढतो, कोरड्या उबदार दिवसांत तिच्या पिढ्या भराभर वाढतात. पीक फुलोऱ्यावर आणि शेंगा धरण्याच्या बेतात असताना हे घडले की उतारा निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. जी गोष्ट हवामान आणि पीकपद्धती सांगून मोकळे होतात, तिच्यासाठी जनुकांची साक्ष काढणे म्हणजे साध्या कारणाला मागे सारून अवघड कारणाची निवड करणे होय.

शिवाय वंशावळीच्या आधी निदान यायला हवे, आणि तिथेच वऱ्हाडात गोंधळ आहे. सोयाबीन ‘पिवळे पडले’ या दोन शब्दांत चार-पाच वेगळी दुखणी सामावलेली असतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता झाली की शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात, जणू पानावर हिरवी जाळी उमटलेली असते. पिवळ्या मोझॅकमध्ये शिरांचा असा मान राखला जात नाही. गडद पिवळे, वेडेवाकडे डाग हिरव्या भागात मिसळून पसरतात आणि पुढे आख्खे पान पिवळे होते. खोडमाशीने आणि चक्रीभुंग्याने पोखरलेले झाड वाळत जाताना पिवळे दिसते, पाणी साचलेल्या वावरातले पीक आणखी वेगळ्या तऱ्हेने पिवळे पडते. त्याखेरीज सोयाबीन मोझॅक नावाचा एक निराळाच विषाणू आहे, तो माव्याने आणि बियाण्यातून पसरतो, त्यात पान सुरकुतते आणि गडद-फिकट हिरव्या रंगाचे पट्टे दिसतात. पांढऱ्या माशीवर फवारणी करून लोहाची कमतरता भरून निघत नाही, आणि निव्वळ बियाणे बदलून पिवळा मोझॅक आवरत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हा फरक ज्या दिवशी ओळखला जाईल, त्या दिवशी जेवढा खर्च वाचेल, तेवढा कोणत्याही वंशवृक्षाने वाचणार नाही.

समर्थक : निदान आधी हवे, यावर वाद नाही. हवामान आणि पीकपद्धती मिळून २०२३ सारखे वर्ष समजावता येते, हेही खरे. पण रोग का उसळला याचे उत्तर हवामान देते. रोगप्रतिकारक वाण किती वर्षे टिकेल याचे उत्तर ते देत नाही. जबलपूरच्या जेएस ९७-५२ सारख्या वाणांनी पिवळ्या मोझॅकपुढे टिकाव धरला आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्रातून ‘सुवर्ण सोया’, ‘पीडीकेव्ही अंबा’ असे वाण आले आहेत, आणि वाण बदलणे हाच शेतकऱ्याला झेपणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे कोणीही सांगेल. असा उपाय विषाणू जसा आहे तसाच राहील या गृहीतकावर उभा असतो, आणि ते गृहीतक कसे ढासळते हे पाकिस्तानातल्या पंजाबात दिसले. कापसाची पाने मुरडणाऱ्या, याच बेगोमोव्हायरस गटातल्या विषाणूंनी १९९०च्या दशकात तेथील कपाशी उद्ध्वस्त केली, मोठ्या प्रयत्नाने प्रतिकारक वाण शेतात आले, आणि २००१ साली बुरेवाला परिसरात विषाणूचे नवे रूप प्रकटले, ज्याने त्या वाणांचा प्रतिकार मोडून काढला. हे रूप आधीच्या दोन विषाणूंच्या तुकड्यांच्या मिश्रणातून घडले होते. याच गटातल्या टोमॅटोच्या एका विषाणूत अक्षरे बदलण्याचा वेग मोजला गेला आहे. त्याच्या सुमारे २,८०० अक्षरांत सरासरी वर्षाला जवळपास एक अक्षर बदलते, आणि डीएनएच्या विषाणूसाठी हा वेग फार मोठा आहे. तुकड्यांची अदलाबदल मात्र एका झाडात, एका हंगामात होऊन जाते. आज वऱ्हाडात कोणती रूपे फिरत आहेत याची नोंद ठेवली नाही, तर उद्या एखादा वाण कोसळला तेव्हा विषाणू बदलला, की बियाण्यात भेसळ झाली, की माशीच अतोनात वाढली, हे सांगायला आधार उरणार नाही. दोष मग हमखास शेतकऱ्याच्या माथी येतो, वेळेवर फवारले नाही म्हणून.

शंकाकार : शेवटचे वाक्य मनापासून पटते. तरीही नोंद कशी घेतली जाते हे पाहिले पाहिजे, कारण वंशावळ नमुन्यांइतकीच खरी असते. पान तोडायला माणूस जातो तो ऑगस्टमध्ये, रोग माजल्यावर, रस्त्याकाठच्या वावरात. ज्या वर्षी रोग नसतो त्या वर्षीचा नमुना नसतो, धुऱ्यावरच्या तणाचा नमुना नसतो, मेळघाटाच्या पायथ्याचा तर नसतोच. ज्या विषाणूंत तुकड्यांची अदलाबदल होते, त्यांच्यासाठी एकच वंशवृक्ष काढणे मुळात चुकीचे, कारण डीएनए-ए एका पूर्वजाकडे बोट दाखवतो आणि डीएनए-बी दुसऱ्याच. आणि मादागास्करचेच उदाहरण घ्यायचे तर तेथे १९७०च्या दशकापासून शेतांतून केलेल्या पाहणीच्या नोंदी उपलब्ध होत्या, तरीही साथ कुठे आणि केव्हा सुरू झाली, यावर त्या नोंदी आणि जनुकांचा हिशेब यांचे एकमत झाले नाही. पर्यावरणातला कोणता घटक विषाणूच्या वेगाला कारण ठरतो, हेही त्या अभ्यासाला सापडले नाही. इतक्या उत्तम सामग्रीची ही गत, तर वऱ्हाडातल्या तुटपुंज्या नमुन्यांवर किती भार टाकायचा?

समर्थक : तेथे एकमत झाले नाही, पण त्या मतभेदातूनच त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट बाहेर आली. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या तेव्हा असे दिसू लागले की बेटाच्या उत्तरेकडील जुनी कुळी मागे पडली असावी आणि नंतरच्या कुळीने त्या भागात नव्याने शिरकाव केला असावा. शेतातल्या पाहणीला हे कळणे शक्य नव्हते, कारण भाताचे पान दोन्ही कुळ्यांत सारखेच पिवळे होते. आणि जुन्या नोंदी नसत्या तर जनुकांच्या हिशेबालाही आपण अलीकडचाच भाग पाहत आहोत याची शंका आली नसती.

वऱ्हाडासाठी यातून एकच प्रश्न उचलावा, तो म्हणजे सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात निघाल्यापासून पुढच्या जूनअखेरच्या पेरणीपर्यंत विषाणू राहतो कुठे? माशीच्या शरीरात गेलेला विषाणू ती बरेच दिवस, पुष्कळदा मरेपर्यंत, वाहते, पण तिचे आयुष्यच काही आठवड्यांचे, आणि पिल्लांत तो सहसा उतरत नाही. तेव्हा आठ महिने त्याला हिरवे द्विदल झाड हवे. आंतरपिकातली तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते आणि तिच्यावरही हा रोग येतो. त्यानंतर ओलिताच्या गावांत उन्हाळी मूग असतो, आणि २०२१-२२ मध्ये बियाण्याच्या तुटवड्यावर उपाय म्हणून उन्हाळी सोयाबीनचा पेरा राज्यात जोरात झाला. विषाणूला एका खरिपातून दुसऱ्या खरिपात नेणारा हा हिरवा पूल आहे, अशी भीती तज्ज्ञांनी बोलून दाखवलेली आहे. आता अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा पाहावा. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर भूगर्भातले पाणी खारे असल्यामुळे तेथे विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी पीक घेता येत नाही, हरभरा निघाला की वावरे जूनपर्यंत मोकळी राहतात. समुद्राने वेढलेले बेट वऱ्हाडात नसले तरी पूल नसलेला प्रदेश येथे आहे. पट्ट्याच्या आतले खरिपातले पहिले पिवळे पान आणि बाहेरचे पहिले पिवळे पान यांतले विषाणू एकाच कुळीचे निघतात की निराळ्या, एवढे जरी काही वर्षे सातत्याने पाहिले, तरी विषाणू गावातच उन्हाळा काढतो की दर पावसाळ्यात बाहेरून येतो, याचा निवाडा जवळ येईल. आणि निवाड्याप्रमाणे सल्ला बदलतो. तो गावातच टिकत असेल, तर उन्हाळी मूग-सोयाबीन टाळणे आणि धुऱ्यावरचे द्विदल तण काढणे यांत अर्थ आहे. तो दर वर्षी दुरून येत असेल, तर एका गावाने धुरे स्वच्छ करणे हे निष्फळ कष्ट ठरतील, आणि सगळा भर वाणावर, पेरणीच्या वेळेवर आणि सुरुवातीच्या बीजप्रक्रियेवर द्यावा लागेल.

शंकाकार : खारपाणपट्ट्याची कल्पना विचार करायला लावणारी आहे, पण तेथेही पूल अगदी नाहीच असे म्हणता येणार नाही. कपाशी पांढऱ्या माशीला पोसते. तिच्यावर हा विषाणू जगत नाही, माशी मात्र जगते, आणि फरदड ठेवलेल्या वावरात ती हिवाळा ओलांडूनही राहते. घरामागचा वालाचा वेल, सांडपाण्यावरची चवळी, नाल्याकाठची रानटी द्विदल झुडपे यांना विहीर लागत नाही. उडदाच्या बियाण्यात या विषाणूचे डीएनए सापडल्याचे काही प्रयोगशाळांनी नोंदवले आहे, आणि त्यातून रोप रोगट निघण्याचे प्रमाण नगण्य असले तरी घरचे बियाणे राखणाऱ्या हजारो शेतकऱ्यांच्या दृष्टीने नगण्य म्हणजे किती, हे कळायला हवे.

याउलट वरूड-मोर्शीच्या संत्र्याकडे पाहावे. त्यावरचा ट्रिस्टेझा हा विषाणू माव्यानेही पसरतो, पण दूरवर जातो तो कलमाच्या डोळ्यातून. ब्राझील-अर्जेंटिनात १९३०च्या दशकापासून त्याने आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे मारली. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधला जातो आणि तेथून रोपे दूरदूर जातात, म्हणजे विषाणूच्या प्रवासाचा मोठा हिस्सा माणसाच्या हातात असतो. तेथे वंशावळ मांडली तर ती एखाद्या मातृवृक्षापाशी जाऊन थांबू शकेल, तो वृक्ष बाद करता येईल, आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने शेंड्याच्या सूक्ष्म कलमाने विषाणूमुक्त रोपे करण्याची जी पद्धत अंगीकारली आहे तिचा उपयोग करता येईल. सोयाबीनची वंशावळ कोणापाशी जाऊन थांबणार? एखाद्या तालुक्याचा उन्हाळी मूग दोषी ठरला, तर ज्याच्या घरी त्या मुगाच्या पैशावर खरिपाचे बियाणे येते त्याला, शेजारच्या तालुक्याच्या सोयाबीनसाठी तो पेरू नकोस, असे कोणत्या तोंडाने सांगणार, आणि त्याचे नुकसान कोण भरून देणार?

समर्थक : भरपाईविना तसे सांगणे अन्यायाचे होईल, हे उघड आहे. पण पुरावा नसतानाही तो सल्ला आज दिला जातोच. पुरावा आला आणि त्यातून मूग निर्दोष निघाला, तर त्याच शेतकऱ्याच्या डोक्यावरचा विनाकारण ठपका उतरेल. दोषी निघाला, तर भरपाई मागायला त्याच्या हाती काही असेल.

शंकाकार : त्यासाठी पुराव्याने एका बाजूचा कौल दिला पाहिजे, आणि तो न देण्याची शक्यता फार मोठी आहे. सगळ्या वऱ्हाडात जवळजवळ एकसारख्याच अक्षरांचा विषाणू फिरत असेल, तर गावात टिकलेला कोणता आणि बाहेरून आलेला कोणता, हे वंशावळीत वेगळे दिसणारच नाही. मादागास्करात कुळ्यांतला फरक होता म्हणून पुनःप्रवेश उमगला. अशा वेळी हाती उरेल ते फक्त पहिले पिवळे पान कोणत्या गावात, कोणत्या वाणावर आणि पेरणीनंतर कितव्या दिवशी दिसले याची साधी नोंदवही. पण ती नोंदवही जूनपासून, रोग नसलेल्या वर्षीही, आणि मे महिन्यातल्या धुऱ्यावरच्या तणासकट ठेवावी लागेल, आणि खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूरला पाऊस आठ दिवस उशिरा आला म्हणून पेरणी व पिवळेपणा दोन्ही उशिरा दिसले, की पूल नव्हता म्हणून विषाणू उशिरा पोचला, हे त्या नोंदवहीतूनही एकदोन हंगामांत वेगळे काढता येणार नाही.